माडाची उंची, छताचं पाणी, विजेचं बिल : नववी-दहावीचा गणित प्रकल्प कसा करावा

गणिताच्या प्रकल्पवह्या उघडल्या की बहुतेकींमध्ये रंगीत मुखपृष्ठ, एक लांबलचक प्रस्तावना, कुठून तरी उतरवलेली गणितज्ञांची माहिती आणि शेवटी 'या प्रकल्पातून मला गणिताचे महत्त्व समजले' हे वाक्य सापडतं. मोजलेलं काहीच सापडत नाही. खरं तर त्रिकोणमिती, समरूपता, महत्त्वमापन, सांख्यिकी यातला जवळजवळ प्रत्येक धडा शाळेच्या मैदानात किंवा घरात करून बघता येतो. प्रकल्पाचा जीव एका गोष्टीत असतो : स्वतः मोजलेला आकडा, आणि तो अंदाजापेक्षा वेगळा का आला याचा शोध. वहीत 'माझा अनुभव' म्हणून जे लिहायचं, तेही त्यातूनच निघतं. नाहीतर ते पान भरायला शब्द शोधावे लागतात.

खाली चार-पाच विषय दिले आहेत. त्यातला उंची मोजण्याचा भाग सगळ्यांत सविस्तर आहे, कारण पहिला प्रकल्प करणाऱ्यांनी तोच घ्यावा. सामान जवळजवळ फुकटात मिळतं, काम एका दुपारी होतं, आणि चुकायला भरपूर वाव असल्यामुळे शिकायलाही भरपूर मिळतं.

उंची मोजण्याचं साधन

सामान असं : एक कोनमापक, एक सरळ स्ट्रॉ, अर्धा मीटर शिवणाचा दोरा, वीस-तीस ग्रॅमचा लोखंडी नट, सेलोटेप आणि मैदानात वापरायचा लांब टेप. टेप शाळेच्या क्रीडा विभागात असतो, लांब उडीच्या मोजणीसाठी ठेवलेला.

कंपासपेटीतला कोनमापक चालतो, पण तो लहान असतो. त्याची त्रिज्या पाच सेंटिमीटर धरली तर कडेवर एक अंश म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर. दोराच अर्धा मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे अर्ध्या अंशाची चूक तिथेच होऊन जाते. फळ्यावर वापरायचा मोठा कोनमापक शाळेत असेल तर तो मागून घ्या. त्रिज्या २० सेंटिमीटर असेल तर एक अंश ३.५ मिलिमीटरचा होतो आणि अर्धा अंशही डोळ्याला नीट कळतो. तोही नसेल तर पुठ्ठ्यावर २० सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढून लहान कोनमापकाच्या मदतीने अंश आखून घ्या.

कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा. दोरा मात्र कडेला बांधू नका. प्लॅस्टिकच्या कोनमापकात केंद्रबिंदू कडेपासून काही मिलिमीटर आत असतो. दोरा त्याच बिंदूतून निघाला पाहिजे, नाहीतर ९० अंश सोडून बाकीचे सगळे कोन चुकतात. गरम सुईने तिथे बारीक भोक पाडा, दोरा ओवून मागे गाठ मारा आणि खालच्या टोकाला नट बांधा. हा झाला ओळंबा. नट हलका असेल तर वाऱ्याने झुलत राहतो. नायलॉनच्या दोऱ्याला वेटोळं पडतं, म्हणून साधा सुती दोराच घ्या.

सरळ कड वर धरून स्ट्रॉमधून समोर क्षितिजाकडे पाहिलं की दोरा ९० वर येतो. शेंड्याकडे पाहिलं की तो सरकतो. उन्नत कोन म्हणजे दोऱ्याचं वाचन आणि ९० यांतला फरक. दोरा ४८ वर आला तर कोन ४२ अंश. ही वजाबाकी विसरून थेट ४८ घेणाऱ्यांची संख्या दरवर्षी मोठी असते.

आता बहुतेक जण जी पायरी गाळतात ती. साधन तपासून घ्या. बांधकामावर गवंडी ज्या पाण्याच्या नळीने लेव्हल काढतात, तशी पारदर्शक नळी घ्या, तिच्यात पाणी भरा (आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका), आणि तुमच्या डोळ्यांच्या उंचीची खूण दहा मीटरवरच्या भिंतीवर करा. त्या खुणेकडे स्ट्रॉमधून पाहिल्यावर दोरा बरोबर ९० वर यायला हवा. ८८ वर आला तर स्ट्रॉ तिरकी चिकटली आहे. ती पुन्हा चिकटवा, किंवा प्रत्येक वाचनात २ अंश मिळवा आणि तसं वहीत लिहा. ही एक नोंद असली की वही तपासणाऱ्याला लगेच कळतं की काम खरंच झालं आहे.

मैदानात

तिघांचा गट करा. एक जण पाहणार, एक जण दोरा वाचणार, एक जण लिहिणार. मग कामं बदला. प्रत्येकाने आपलं वाचन आधी कागदावर लिहावं आणि नंतरच सांगावं. पहिल्याने '४१' असं मोठ्याने म्हटलं की पुढच्या दोघांनाही दोरा ४१ वरच दिसतो. आणि मोजायच्या आधी प्रत्येकाने डोळ्यांनी केलेला अंदाज लिहून ठेवावा, तो शेवटी कामाला येतो.

उभं कुठे राहायचं? कोन ३० ते ६० अंशांच्या दरम्यान येईल तिथे, शक्यतो ४५ च्या जवळ. कारण असं : १२ मीटर उंचीची वस्तू ४५ अंशांवरून मोजताना एक अंश चुकला तर उंचीत सुमारे ४२ सेंटिमीटरचा फरक पडतो. अगदी जवळून, ७० अंशांवरून मोजलं तर तोच एक अंश ६५ सेंटिमीटरला पडतो. खूप लांबून २० अंशांवर मोजलं तरी तेवढाच. वहीत हा छोटा तक्ता स्वतः करून घाला. ४५ अंशांपासून दोन्ही बाजूंना चूक कशी वाढत जाते हे बघण्यासारखं आहे.

एका माडाचं उदाहरण घेऊ. बुंध्यापासून अंतर १४ मीटर. पाच वाचनांवरून आलेले कोन ४१, ४२, ४१, ४३, ४१. सरासरी ४१.६ अंश, टॅन ०.८८८. चौदाने गुणलं की १२.४३ मीटर. पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची १.४८ मीटर, ती मिळवली की १३.९१. उत्तर लिहिताना '१३.९ मीटर, साधारण ०.४ मीटर इकडे-तिकडे' असं लिहा, कारण १४ मीटरवरून एक अंश म्हणजे ४४ सेंटिमीटर होतात. कॅल्क्युलेटर १२.४३२ दाखवतो म्हणून मिलिमीटरपर्यंत लिहिणं हा खोटेपणा आहे. तुमच्या दोऱ्याला मिलिमीटर दिसलेलेच नाहीत.

उत्तर विचित्र आलं तर या गोष्टी तपासा.

डोळ्यांची उंची मिळवायची राहिली का? पुस्तकातल्या उदाहरणांत निरीक्षक बहुतेक वेळा जमिनीवरचा एक बिंदू असतो, म्हणून सवयच नसते. पाहणारा बदलला की ही उंचीही बदलते.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर अंशांत आहे का रेडियनमध्ये? टॅन ४५ काढून बघा. १ यायला हवं. १.६२ आलं तर तो रेडियनमध्ये आहे.

माड वाकलेला आहे का? कोकणातला माड सरळ क्वचितच असतो. शेंडा तुमच्याकडे एक मीटर झुकला असेल तर खरं आडवं अंतर १३ मीटर, आणि वरच्याच कोनावरून उंची १३.० येते. जवळजवळ एक मीटरचा फरक! उपाय सोपा आहे : माड तुमच्या डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेला दिसेल अशा जागी उभे राहा. मग तोच एक मीटर झुकाव १४ मीटरचं अंतर फक्त १४.०४ करतो आणि त्याने काही बिघडत नाही. असं का, हे पायथागोरसच्या प्रमेयाने दाखवता येतं आणि ते वहीत यावंच.

इमारतीवरची पाण्याची टाकी मोजताय का? टेप भिंतीला लागतो, पण टाकी भिंतीच्या दोन-तीन मीटर आत असते. गच्चीवर जाऊन ते अंतर मोजा आणि मिळवा.

जमीन उताराची आहे का? मग बुंध्याकडेही पाहा आणि अवनत कोन घ्या. दोन्ही कोनांच्या टॅनची बेरीज करून आडव्या अंतराने गुणलं की पूर्ण उंची मिळते आणि डोळ्यांची उंची मिळवावीच लागत नाही. फक्त अंतर मोजताना टेप उतारावर न टाकता आडवा ताणून धरा.

बुंध्यापर्यंत जाताच येत नसेल, मध्ये ओढा किंवा कुंपण असेल, तर दोन जागांवरून कोन घेण्याची रीत आहे. लांबच्या जागेवरून ३० अंश, तिथून सरळ १० मीटर पुढे येऊन ४५ अंश. दोन समीकरणं सोडवली की डोळ्यांच्या पातळीपासूनची उंची १३.६६ मीटर येते. कागदावर फार सुंदर दिसते ही रीत. पण लांबचा कोन ३० ऐवजी ३१ वाचला गेला तर उत्तर १५.०५ होतं. एका अंशाने १.४ मीटर! म्हणून नाइलाज असेल तरच ती वापरा, आणि वापरली तर दोन जागांमधलं अंतर शक्य तेवढं मोठं ठेवा.

सावलीने पडताळा

एका रीतीने आलेलं उत्तर दुसऱ्या रीतीने तपासलं की प्रकल्पाला वजन येतं. एक मीटरची काठी ओळंबा लावून उभी करा, तिची सावली मोजा, आणि दुसऱ्या टोळीने त्याच मिनिटाला माडाची सावली मोजावी. काठीची सावली ९२ सेंटिमीटर, माडाची १२.७ मीटर, १२.७ भागिले ०.९२ म्हणजे १३.८ मीटर. कोनाने आलेल्या १३.९ शी हे चांगलं जुळतं.

'त्याच मिनिटाला' हे शब्द मनावर घ्या. सकाळी आणि संध्याकाळी सावली भराभर लांबी बदलते. माध्यान्हीच्या आसपास ती बराच वेळ जवळजवळ तेवढीच राहते. शिवाय उंच झाडाच्या सावलीचं टोक पुसट असतं. सूर्य बिंदू नसून आकाशात त्याची अर्ध्या अंशाची चकती दिसते, त्यामुळे १४ मीटरच्या माडाच्या सावलीची कड वीतभर विरघळलेली दिसते. त्या पुसट पट्ट्याच्या मधोमध खूण करा. सावली मैदानाच्या सपाट भागात पडली पाहिजे. ती भिंतीवर चढली तर हा साधा हिशेब लागू होत नाही.

हे काम करायला उत्तम दिवस म्हणजे २२ डिसेंबर. रामानुजन यांचा जन्मदिवस, २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिवस. बऱ्याच शाळांत त्या दिवशी प्रकल्प मांडले जातात. सूर्य तेव्हा वर्षातला सगळ्यांत दक्षिणेला असतो. माध्यान्हीला त्याची उंची ९० वजा अक्षांश वजा २३.४ एवढे अंश असते. पुण्यात ती सुमारे ४८ अंश भरते, म्हणजे सावली उंचीच्या ०.९ पट. नागपुरात सुमारे ४५.४ अंश, म्हणजे त्या दिवशी तिथे माध्यान्हीची सावली वस्तूच्या उंचीएवढीच पडते, फरक जेमतेम दीड टक्क्याचा. विद्यार्थ्याने आपलीच सावली मोजली तरी उंची हातात येते. माध्यान्ह मात्र घड्याळातल्या बाराला होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि पश्चिमेकडे दर अंशाला चार मिनिटं उशीर होतो. नागपुरात ती सव्वाबाराच्या आत-बाहेर, पुण्यात आणि मुंबईत साडेबारा उलटल्यावर. काठीची सावली दर पाच मिनिटांनी मोजून सर्वांत लहान सावलीची वेळ शोधली, तर भूगोलाचा धडाही हाताशी येतो.

गवंड्याचा काटकोन

लहान प्रकल्प हवा असेल तर हा घ्या. जोत्याची आखणी करताना गवंडी एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजतात आणि तिरकं अंतर ५ फूट भरतं का बघतात. मैदानात दोरी आणि चुन्याने हे करा, आणि मग प्रश्न विचारा : तिरक्या अंतरात एक इंच चुकला तर कोन किती चुकेल? ३-४-५ फुटांत कोन ९२ अंश होतो. ६-८-१० फुटांत त्याच एका इंचाने ९१ अंश. माप दुप्पट केलं की चूक अर्धी होते. म्हणून मोठ्या खोलीचा काटकोन हातातल्या गुण्याने (काटकोनी पट्टीने) न काढता लांब दोरीने काढतात. जवळच्या बांधकामावर जाऊन कारागीर कोणती मापं वापरतात ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहा.

छतावरचं पाणी

हिशेबाचा पाया एका ओळीचा आहे : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लीटर पाणी. हे आधी स्वतः सिद्ध करा, नुसतं वापरू नका.

छत ७ मीटर गुणिले ५.५ मीटर, म्हणजे ३८.५ चौरस मीटर. पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पडलेलं सगळं पाणी पन्हळीतून खाली येत नाही. काही छतातच मुरतं, काही उडतं, काही वाफ होऊन जातं. सिमेंटच्या किंवा पत्र्याच्या छताला ०.८ ने गुणणं रास्त. ३८.५ × ७०० × ०.८ = २१,५६० लीटर. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लीटरचं मानक धरतात. चौघांच्या घराला ५४० लीटर. म्हणजे ४० दिवसांचं पाणी.

बहुतेक वह्या इथे थांबतात, आणि खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. हे पाणी ठेवणार कुठे? एक हजार लीटरची टाकी ३८.५ चौरस मीटरच्या छताखाली फक्त ३२-३३ मिलिमीटर पावसात भरते. एखाद्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ३,०८० लीटर येतं आणि दोन हजारांहून जास्त वाहून जातं. म्हणून वार्षिक सरासरीपेक्षा रोजच्या पावसाची नोंद जास्त मोलाची. जुलैमधल्या तीस दिवसांचा तक्ता करा : काल टाकीत उरलेलं, आज आलेलं, आज वापरलेलं, वाहून गेलेलं. टाकी १,०००, २,०००, ५,००० लीटरची धरून तीनदा हिशेब करा. संगणक कक्षात स्प्रेडशीट असेल तर हे काम तासाभराचं आहे. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी मात्र धरू नका. छतावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात येते, ते सोडूनच द्यावं लागतं.

कौलारू घर असेल तर एक सापळा आहे. कौलांचं उतरतं क्षेत्रफळ मोजायचं नाही. पाऊस वरून पडतो, म्हणून छताने जमिनीवर जेवढी आडवी जागा झाकली तेवढीच धरायची. ३० अंश उताराची ४ मीटरची बाजू आडवी ३.४६ मीटरच भरते. उतार मोजला तर उत्तर पंधरा टक्क्यांनी फुगतं.

पाऊस स्वतः मोजायचा असेल तर सरळ बाजूंची बाटली आणि तिच्यावर नरसाळं. इथे सगळे एकच चूक करतात. नरसाळ्याचं तोंड १५ सेंटिमीटर व्यासाचं आणि बाटली ९ सेंटिमीटर व्यासाची असेल, तर बाटलीतली पातळी १५/९ पट नव्हे, त्याच्या वर्गाएवढ्या पटीने वाढते, म्हणजे २.७८ पट. १० मिलिमीटर पावसाला बाटलीत जवळजवळ २८ मिलिमीटर पाणी दिसतं. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून आधी तळ झाकेपर्यंत पाणी ओतून तिथे शून्याची खूण करा.

विजेचं बिल

घरातली मागची बारा महिन्यांची बिलं जमवा. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दर बदलत राहतात, ते स्वतःच्या बिलावरूनच घ्या. बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क या ओळी असतात. प्रत्येक ओळ युनिटवर अवलंबून आहे का, ते आधी ठरवा. स्थिर आकार एकही युनिट न वापरता भरावा लागतो, म्हणून आलेख शून्यातून निघत नाही. वीज शुल्क टक्क्यांत असतं. ते नेमकं कोणकोणत्या ओळींच्या बेरजेवर लागलं आहे ते आकडे जुळवून शोधा. हा भाग कोड्यासारखा मजेचा आहे.

एक समज घरोघरी पक्का असतो : १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळीच युनिटं महाग होतात. वीज आकारात तसं होत नाही. हिशेब सोपा जावा म्हणून पहिल्या टप्प्याचा दर ५ रुपये आणि दुसऱ्याचा १० रुपये धरा. १२० युनिटांचे १०० × ५ अधिक २० × १०, म्हणजे ७०० रुपये, १,२०० नव्हेत. युनिट आडव्या अक्षावर आणि रक्कम उभ्या अक्षावर घेतली की १०० पाशी रेघेचा चढ वाढतो, पण रेघ तुटत नाही. हा आलेख घरच्यांना दाखवा आणि त्यांचा प्रतिसाद लिहा.

कोणतं उपकरण किती खातं हे मीटरवरूनच काढता येतं. डिजिटल मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती वेळा लुकलुकेल ते मीटरवर छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करून एकच उपकरण चालू ठेवा आणि दहा लुकलुकींना लागणारा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचने मोजा. ९ सेकंद लागले तर १० भागिले ३२०० युनिट ९ सेकंदांत, तासाला १.२५ युनिट, म्हणजे १,२५० वॅट. मोजणी सुरू करताना पहिल्या लुकलुकीला 'शून्य' म्हणा. 'एक' म्हणून सुरू केलं तर दहाऐवजी नऊच अंतरं मोजली जातात आणि उत्तर अकरा टक्क्यांनी जास्त येतं. इस्त्री आणि फ्रिज मध्येमध्ये आपोआप बंद-चालू होतात, म्हणून त्यांचं एक वाचन पुरत नाही; सलग अर्धा तास युनिटं मोजावी लागतात. मीटरची पेटी उघडायची नाही, वायरींना हात लावायचा नाही, आणि मुख्य स्विचजवळ काम मोठ्या माणसाच्या सोबतीनेच करायचं.

सर्वेक्षण केलंच तर

'शाळेत यायला किती वेळ लागतो' हा सर्वेक्षणाचा आवडता विषय. चाळीस जणांना विचारलं की उत्तरं ५, १०, १५, २०, ३० अशीच येतात, कारण १३ मिनिटं कोणी म्हणत नाही. समजा ती अनुक्रमे ४, १२, १०, ८ आणि ६ जणांची आली. थेट सरासरी १५.७५ मिनिटं. आता पुस्तकातल्यासारखे ५–१०, १०–१५ असे वर्ग करून वर्गमध्याने सरासरी काढा : १८.२५. अडीच मिनिटं जास्त! गणित बरोबर आहे, वर्ग चुकीचे निवडले आहेत. '१०' सांगणारे सगळे १०–१५ या वर्गात गेले आणि त्यांची वेळ १२.५ धरली गेली. २.५–७.५, ७.५–१२.५ असे वर्ग केले की वर्गमध्य ५, १०, १५ होतात आणि सरासरी पुन्हा १५.७५ येते. मूळ आकडे कधीही फेकू नका, दोन्ही सरासऱ्या शेजारी-शेजारी लिहा.

अनुभवाचं पान

कच्ची नोंद पेनने करा. खोडरबर नको, चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारा, म्हणजे खालचा आकडा वाचता येईल. ती मळकी पानं प्रकल्पवहीला जोडा. सुवाच्य प्रतीपेक्षा ती जास्त बोलतात.

'माझा अनुभव' लिहिताना चार प्रश्नांची उत्तरं द्या, पण प्रश्न लिहून नव्हे, सलग. आधी काय वाटलं होतं? किती आलं? फरक कशामुळे? पुन्हा केलं तर काय बदलाल? 'गणित दैनंदिन जीवनात खूप उपयोगी आहे' हे वाक्य कोणत्याही वहीत चिकटवता येतं, म्हणून ते तुमच्या वहीत नको. त्याऐवजी असं काही :

'आम्ही माडाची उंची ९ ते ११ मीटर धरली होती. पहिल्यांदा १३.० मीटर आली, सावलीने १३.८. दोन्हींमध्ये इतका फरक का, हे पाहायला पुन्हा गेलो तेव्हा माड आमच्यापासून पलीकडे झुकलेला दिसला. बाजूला जाऊन मोजल्यावर १३.९ आली. आमचे पाचही कोन ४१ ते ४३ मध्ये होते, म्हणून आम्हाला पहिलं उत्तरही बरोबरच वाटलं होतं. सगळी वाचनं जुळली तरी सगळी एकाच बाजूला चुकलेली असू शकतात. दोरा वाचणाऱ्याला माड दिसत नव्हता आणि पाहणाऱ्याला दोरा दिसत नव्हता. पुढच्या वेळी आम्ही एका अंशाऐवजी अर्ध्या अंशापर्यंत वाचता येईल असा मोठा कोनमापक करू.'

यात मोठा शब्द एकही नाही, आणि हे दुसऱ्या कोणाच्या वहीत चिकटवता येणार नाही.

भाषा सोपी ठेवा, 'आम्ही' किंवा 'मी' बिनधास्त वापरा. अंदाज चुकला असेल तर तो तसाच राहू द्या. उत्तर जुळावं म्हणून वाचन बदलण्याचा मोह होतो. बदललेलं वाचन ओळखायला सोपं असतं, कारण खऱ्या मोजणीत पाचही आकडे एकसारखे सहसा येत नाहीत.

वही देण्याआधी एक दिवस राखून ठेवा. दुसऱ्या गटाला तुमची कृती वाचायला द्या आणि एकच मोजमाप तुमच्या साधनाने, तुम्ही काही न सांगता, करायला सांगा. ते कुठे अडले ती जागा कृतीत दुरुस्त करा, त्यांचा आकडा तुमच्या आकड्याशेजारी लिहा, आणि खाली तारीख व वेळ टाका.